झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण माणूस स्वतःसाठी राखून ठेवतो, आणि ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही शेजाऱ्याला बहाल करतो. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सेक्रेटरीगिरी सात वर्षे केल्यावर माझी या बाबतीत पुरती खात्री झाली आहे. स्वतःची थकबाकी निघाली की गृहस्थ रात्री साडेनऊनंतर संस्थेच्या ऑफिसात येतो, दार लोटून घेतो, खुर्ची पुढे ओढतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, “साहेब, हे आपल्या दोघांतच असू द्या.” तोच गृहस्थ वार्षिक सभेत मागच्या रांगेतून उभा राहून गरजतो, “संस्थेत लपवाछपवी चालणार नाही! काय असेल ते सभासदांपुढे आलंच पाहिजे!” त्याला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन्ही वेळा तो अगदी मनापासून बोलत असतो. अडचण एवढीच, की त्या दोन्ही मागण्या एकाच सेक्रेटरीच्या टेबलावर येऊन पडतात.

मी आयुष्यभर पोस्टात नोकरी केली. तेव्हा उघडे कार्ड आणि बंद पाकीट यांतला फरक मला कोणी शिकवायला नको. दिव्यासमोर धरले तर आतले अक्षर दिसते, म्हणून काही पाकिटाचे कार्ड होत नाही. तारेच्या खिडकीवरही मी चार वर्षे काढली. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, त्यामुळे आजच्या मुलांना ती खिडकी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल. कोणाच्या घरी कोण गेले हे त्या घरच्यांच्या आधी आम्हाला कळत असे. त्याच घरातला माणूस समोरून सायकलवर हसत जात असला, तरी आम्ही खिडकीतून ओठ हलवीत नसू. तार शिपायाच्या हातून जायची, आमच्या तोंडून नव्हे. निवृत्तीनंतर संस्थेने मला सेक्रेटरी केले ते हिशेब जमतो म्हणून; पण पुढे उपयोगी पडली ती ही खिडकीवरची सवय.

आमची संस्था डोंबिवलीकडची. तीन विंग, सहासष्ट बिऱ्हाडे, एक बोअरवेल, भांडायला एक सामाईक गच्ची, आणि तळमजल्यावर वाचनाची एक खोली. पुढे जे सांगणार आहे त्यातली माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून मजले, वर्षे आणि आकडे मी थोडे इकडचे तिकडे केले आहेत. लेखाचा विषय पाहता एवढे तरी मला करायलाच हवे.

मी यायच्या आधी लिफ्टजवळ एक काळा फळा होता. दर महिन्याच्या दहा तारखेला त्यावर खडूने ‘थकबाकीदार सभासद’ असा मथळा निघे आणि खाली खोली नंबर, नाव व रक्कम. तेव्हाच्या कमिटीचे म्हणणे असे, की नोटिसा पाठवून जे होत नाही ते फळ्याने आठवड्यात होते. ते खोटेही नव्हते. दूधवाला वाचतो, इस्त्रीवाला वाचतो, शाळेतून येणारी पोरे मोठ्याने वाचतात. माणूस मग कुठून तरी पैसे उभे करतो. पूर्वी पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की खडूची अक्षरे पुसून जात. आता कोणी तरी मोबाईलवर फोटो काढून ठेवतो आणि फळा कायमचा होऊन बसतो.

एका रविवारी त्या फळ्यासमोर लिफ्टची वाट पाहत पाच पाहुणे उभे होते. वरच्या एका घरी मुलीच्या लग्नाची बोलणी करायला आले होते. लिफ्ट नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर अडकलेली. पाहुणे सात-आठ मिनिटे उभे राहिले, आणि उभ्या माणसाने भिंतीवरचे वाचू नये तर करावे काय? ज्या घरी जायचे त्याच घराचे नाव यादीत दुसरे होते. वर चहापोहे झाले, पाहुणे गोड बोलले, आणि ते लग्न काही जमले नाही. फळ्यामुळेच जमले नाही असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. पत्रिका जुळली नसेल, मुलाला मुलगी आवडली नसेल. परंतु मुलीच्या बापाच्या मनात त्या सात-आठ मिनिटांचे काय झाले असेल याचा हिशेब कुठल्या खतावणीत लिहिणार?

मी कारभार हाती घेतला तेव्हा कपाटाच्या खालच्या खणात मला त्याच गृहस्थांचा एक अर्ज सापडला. कंपनी बंद पडली आहे, चार हप्त्यांत रक्कम फेडण्याची परवानगी द्यावी, असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. अर्जावर आवक क्रमांक होता, तारीख होती. उत्तर गेलेच नव्हते. म्हणजे ज्या दिवशी त्यांचे नाव खाली फळ्यावर झळकत होते, त्या दिवशी त्यांचा अर्ज वर खणात दोन महिने पडून होता. सभासदाची अडचण चव्हाट्यावर आणि कमिटीची दिरंगाई कुलपात! तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. काय उघडे ठेवावे आणि काय झाकावे, याची अगदी नेमकी उलटापालट माझ्यासमोर पांढऱ्यावर काळे करून ठेवलेली होती.

पुढच्या महिन्यापासून फळ्यावर मी नावे लिहिणे बंद केले. त्या जागी लिहू लागलो: एकूण थकबाकी इतकी, थकबाकीदार इतके, नोटिसा पाठवल्या इतक्या, सभासदांचे अर्ज आले इतके, आणि उत्तर न देता पडून राहिलेले अर्ज इतके. शेवटच्या ओळीवरून कमिटीत गहजब झाला. खजिनदार तर रुसलेच. “अहो, तुम्ही आमचीच अब्रू फळ्यावर काढायला निघालात!” मी म्हटले, “खजिनदारसाहेब, आपण निवडून आलो आहोत. त्या बिचाऱ्याला कोणी निवडून थकबाकीदार केलेलं नाही.” वसुली काही घटली नाही, फारशी वाढली असेही नाही. अर्जांना उत्तरे मात्र आठ दिवसांत जाऊ लागली.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नव्हे. आपल्याकडच्या सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा. सभासदाला संस्थेचे काय काय पाहता येईल हे तो मांडतो, तेव्हा पोटनियम, ताळेबंद, कमिटीची यादी, सभासदांचे रजिस्टर, सभांची इतिवृत्ते अशी सगळी कपाटे सताड उघडतो. पण दप्तराची वेळ येते तेव्हा हात आखडतो, आणि ज्या भागात त्या सभासदाचे स्वतःचे व्यवहार नोंदले असतील तेवढाच भाग त्याने पाहावा, असे म्हणतो. कारभार सगळ्यांचा, खाते ज्याचे त्याचे. सभासदाला काढून टाकण्याच्या बाबतीतही तसेच. कमिटीला कंटाळा आला म्हणून कोणाला घालवता येत नाही. त्यासाठी बोलावलेली सर्वसाधारण सभा, हजर मतदारांपैकी तीन-चतुर्थांशांचे मत, त्या सभासदाला आपली बाजू मांडण्याची संधी, आणि वर निबंधकाची मान्यता, एवढ्या पायऱ्या घालून ठेवल्या आहेत. हा कायदा करणाऱ्यांनी चाळीतली भांडणे जवळून पाहिली असली पाहिजेत.

यादीचा एक दुर्गुण असा, की ती सगळ्यांना एकाच मापाने मोजते. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहाचे प्रकरण वाचकांना ठाऊक असेलच. १८९० साली गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी पुण्यातल्या नामांकित मंडळींना त्या मिशनमध्ये नेले. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर पेला हाती धरून खाली ठेवला असे सांगतात. मग नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे पुढे केले. १८९२ साली रानड्यांनीही घेतले, तर सुधारकांनीच त्यांना बोल लावला. प्यालेला कोण आणि नुसता बसलेला कोण, हा फरक छापील यादीत कुठे दाखवणार? नाव आले की आले. वाळीत टाकण्याची शिक्षा आपल्याकडे किती जुनी आणि किती चिवट, हे सांगायला नको; तिच्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. फळ्यावरचे नाव म्हणजे काही वाळीत टाकणे नव्हे, हे मला कबूल आहे. पण दोघांची जात एकच.

इथपर्यंतचे सगळे सोपे होते. थकबाकी म्हणजे पैसे. ते येतात, खाते बंद होते. खरी कसोटी लागली ती वाचनाच्या खोलीच्या बाबतीत.

त्या खोलीत सकाळी सात ते नऊ वर्तमानपत्रे वाचणारी मंडळी बसतात आणि संध्याकाळी दहावी-बारावीची मुले. खोलीचे नियम सर्वसाधारण सभेने मंजूर केलेले, दारावर चिकटवलेले. त्यांत असे आहे, की गंभीर तक्रार आल्यास पाच जणांच्या उपसमितीने दोन्ही बाजू ऐकाव्या आणि वाटल्यास एखाद्याला काही काळ खोलीत येण्यास मनाई करावी. एका उन्हाळ्यात अशी तक्रार आली. उपसमितीने तक्रार करणाऱ्यांचे ऐकले, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांचेही ऐकले, आणि त्यांना सहा महिने खोलीत न येण्यास सांगितले. त्यांनी ते मान्य केले. दोन्ही घरांनी एकच विनंती केली, की काय झाले ते बाहेर जाऊ नये.

काय झाले होते? वाचकहो, तुम्हालाही आता ते जाणून घ्यावेसे वाटत असणार, आणि त्यात वावगे काही नाही. आमच्या पासष्ट बिऱ्हाडांनाही तसेच वाटत होते. परंतु तेव्हा त्यांना सांगितले नाही ते आज दिवाळी अंकात सांगायचे, हे मला शोभणार नाही.

माणसाला रिकामी जागा सोसत नाही. पहिल्या आठवड्यात कानावर आले, की देणगीपेटीतले पैसे गेले. दुसऱ्या आठवड्यात कळले, की निवडणुकीच्या दिवसांत राजकारणावरून बाचाबाची झाली. तिसरी बातमी सगळ्यांत जोरदार: चेअरमनचा जुना डूख होता, पार्किंगच्या जागेवरून, त्यांनी संधी साधली. तिन्ही साफ खोट्या होत्या, आणि तिन्ही खोट्या आहेत एवढे सांगण्याचीही मला सोय नव्हती. कारण “पैशाचं काही नव्हतं” म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: “मग कशाचं होतं?” अशा ठिकाणी नाही म्हणत म्हणत गेले की शेवटी खरे तेवढेच शिल्लक राहते.

बी विंगमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी हे प्रकरण उचलून धरले. मला ते आवडणारे गृहस्थ, आणि त्यांचा मुद्दाही मला खोडता येण्यासारखा नव्हता. त्यांचे म्हणणे असे: “आज तुम्ही एकाला दाराबाहेर ठेवलंत आणि कारण सांगत नाही. उद्या दुसऱ्याला ठेवाल. जो कारण सांगत नाही त्याला कारण लागतच नाही. साहेब, मी पस्तीस वर्षं शाळेत काढली आहेत. पोराला वर्गाबाहेर उभं करणारा मास्तर नेहमी हेच म्हणतो, की त्याच्या भल्यासाठीच सांगत नाही.”

यात खोटे काय आहे? सभासदाची लाज झाकण्यासाठी म्हणून घातलेला पडदा कमिटीच्या लहरींनाही तितकाच छान झाकतो. गुप्ततेच्या नावाखाली किती ठिकाणी किती सूड उगवले गेले असतील! पोस्टातही मी अशा बदल्या पाहिल्या आहेत, की ज्यांचे कारण ‘गोपनीय’ असे आणि ते कारण कोणाच्या तरी मेहुण्याला जागा हवी हे असे. म्हणून “आमच्यावर विश्वास ठेवा” हे उत्तर मला स्वतःलाच पटत नव्हते. विश्वास ठेवा म्हणणाऱ्या वरिष्ठांवर मी तरी कुठे ठेवला होता?

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. गच्चीवर मांडव, गाद्या, मधोमध माइक. एरवी गणसंख्या भरण्यासाठी घरोघर फिरावे लागते. त्या दिवशी कठड्यावर माणसे बसली होती. ज्यांना मनाई केली होती ते डावीकडे चौथ्या रांगेत होते, आणि तक्रार करणारे कुटुंब बरेच मागे. दोघांच्याही चेहऱ्याकडे मी मुद्दामच पाहिले नाही. पाहिले असते तर माझ्या नजरेमागून दीडशे नजरा गेल्या असत्या.

गुरुजींनी प्रश्न विचारला. मी उभा राहून जेवढे कमिटीचे होते तेवढे सगळे वाचून दाखवले. तक्रार कोणत्या तारखेला आली, उपसमिती किती वेळा बसली, कोण हजर, कोण गैरहजर, कोणत्या नियमाखाली निर्णय झाला, किती मते बाजूने, किती विरुद्ध. चार विरुद्ध एक असा निर्णय होता, तेही सांगितले. चेअरमन त्या उपसमितीत नव्हते, हेही सांगितले. निर्णयाविरुद्ध सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येते, हे संबंधितांना लेखी कळवले होते. तो परिच्छेद नाव गाळून वाचला. मग म्हटले, “तक्रार काय होती ते मी सांगणार नाही. ते माझं नाही.”

एकच गोंधळ उडाला. “सभा सर्वश्रेष्ठ आहे!” “आम्ही मेंटेनन्स भरतो!” मेंटेनन्स आणि दुसऱ्याची बातमी यांचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्या गदारोळात आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब माइकपाशी आले. हे गृहस्थ सभेत सहसा डुलकी घेतात. त्यांनी एक जुना खटला सांगितला.

१९६० साली मुंबईच्या एका साप्ताहिकात आलेल्या लेखावरून अब्रुनुकसानीचा दावा उच्च न्यायालयात गेला होता. सुनावणीत एका साक्षीदाराने विनंती केली, की माझी साक्ष वर्तमानपत्रांत छापून येते आणि माझ्या धंद्याला धक्का बसतो. ती छापू देऊ नये. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ते मान्य केले. कोर्टाचे दार लावले नाही; ज्याला बसायचे त्याने बसावे, ऐकावे. छापू मात्र नये. यावर साप्ताहिकाचे बातमीदार मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्यासह नऊ न्यायमूर्तींनी ते ऐकले. बहुमताचा निर्णय असा झाला, की न्याय उघड्यावर व्हावा हाच नियम. पण न्यायासाठीच एखादी गोष्ट राखून ठेवावी लागली तर तो अधिकार न्यायालयाला आहे. “आणि नवव्या न्यायमूर्तींचं, हिदायतुल्लांचं, मत याच्या विरुद्ध होतं,” वकीलसाहेब म्हणाले. “तेव्हा गुरुजी, तुमच्या बाजूलाही मोठा माणूस आहे. पण एक लक्षात घ्या. तारकुंड्यांनी तोंडावर बोट ठेवायला सांगितलं ते साक्षीपुरतं. असा हुकूम आपण दिला हे काही त्यांनी लपवलं नाही. म्हणून तर वरच्या कोर्टाला तो तपासता आला.”

त्या शेवटच्या वाक्याने मला वाट दिसली. मी सुचवले, की सभेने कमिटीबाहेरचे तीन सभासद निवडावेत. दोन्ही घरांची संमती मिळाली तर त्या तिघांनी ऑफिसात बसून सगळी फाइल वाचावी, आणि पुढच्या सभेला काय घडले ते नव्हे, तर आम्ही रीतीने वागलो की नाही एवढेच सांगावे. त्या तिघांत गुरुजी असावेत, असेही मीच म्हटले. चेअरमननी माझ्याकडे असे पाहिले, की घरात कोणी साप सोडला असावा.

दोन्ही घरांनी संमती दिली. एका रविवारी सकाळी तिघे ऑफिसात बसले. मी फाइल टेबलावर ठेवून बाहेर बाकावर जाऊन बसलो. दीड तास लागला. मधे एकदा आतून गुरुजींच्या खोकल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ काहीच नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. मला काहीएक न बोलता ते जिन्याकडे गेले. लिफ्ट चालू असूनही.

पंधरा दिवसांनी खास सभा भरली. गुरुजींनी चिठोऱ्यावरून वाचले: “आम्ही तिघांनी कागद पाहिले. नियमाप्रमाणे काम झालं आहे. दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या. शिक्षा जास्त नाही. एक दोष आढळला. निर्णयाचं पत्र अकरा दिवस उशिरा गेलं, कारण चेअरमन गावी गेले होते आणि सही राहिली होती. पुढे असं होऊ नये.” एवढे बोलून ते खाली बसले. हा दोष इतिवृत्तात शब्दशः लिहिला गेला आणि फळ्यावरही लागला. चेअरमन महिनाभर माझ्याशी कामापुरते बोलत होते.

त्यानंतर लोक गुरुजींच्या मागे लागले. फाटकापाशी भाजीची गाडी येते तिथे त्यांना गाठून विचारत, “गुरुजी, तुम्हाला तर कळलंच आहे.” गुरुजी वांगी निवडीत म्हणत, “काय भावानं दिलीत हो ही?” दोन-तीन महिन्यांत विचारणारे थकले. गुरुजींनी घरी वहिनींनाही सांगितलेले नाही, ही तक्रार मी खुद्द वहिनींच्या तोंडून ऐकली आहे.

म्हणजे सगळे छान झाले असे मात्र नाही. डिसेंबरात सहा महिने संपले, त्याच्या आदल्या रात्री ते सभासद ऑफिसात आले. दार लोटून घेतले, पण आवाज खाली आणला नाही. म्हणाले, “साहेब, तुम्ही तोंड उघडलं नाहीत. उपकार आहेत. पण एक सांगू? मी पेटीतले पैसे घेतले असं अजून काही जण समजतात. खरं कळलं असतं तर लोकांनी मला आठ दिवस नावं ठेवली असती आणि विसरले असते. हे खोटं मात्र मला मरेपर्यंत पुरेल.” मी म्हटले, “तुमच्यापुरतं तुम्ही सांगू शकता. मी आड येणार नाही.” ते थोडे थांबले. “माझ्यापुरतं सांगताच येत नाही ना. मी सांगितलं की त्यांचंही सांगून होतं.”

यावर मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही. गुपिताला एकच धनी असता तर हे काम फार सोपे झाले असते. त्याने किल्ली फिरवावी की न फिरवावी, एवढाच प्रश्न उरला असता. पण दोन माणसांत जे घडते त्याला दोन धनी असतात. एकाला उजेड हवा असतो आणि दुसऱ्याला सावली, आणि दोघांचाही हक्क सारखाच. आमच्या वकीलसाहेबांना मी हे विचारले. ते म्हणाले, “याचं कलम नाही.” त्या गृहस्थांना मी एवढेच सुचवू शकलो, की देणगीपेटीचा हिशेब मी महिनावार फळ्यावर लावतो: किती आले, किती गेले, पेटी कोणी उघडली, समोर कोण होते. गेल्या दोन वर्षांचा लावतो. पैसे कुठेच गेलेले नाहीत हे त्यातून ज्याला पाहायचे त्याला दिसेल. नाव कोणाचे घ्यायला नको. त्यांनी मान हलवली. हिशेब लावला. किती जणांनी वाचला देव जाणे. हिशेब वाचायला लिफ्ट फार वेळ बंद असावी लागते. पण इस्त्रीवाल्याने वाचला, कारण त्याने मला एका बेरजेतली वीस रुपयांची शंका विचारली. शंका रास्त नव्हती, तरी मी त्याला पावती काढून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते वाचनाच्या खोलीत आले. चार जण बसले होते. कोणी तरी पेपराचा आतला भाग त्यांच्याकडे सरकवला. पहिले पान गुरुजींच्या हातात होते, आणि ते गुरुजी कोणालाच लवकर देत नाहीत.

यंदाच्या एप्रिलात मी सेक्रेटरीपद सोडले. नव्या सेक्रेटरी ए विंगमधल्या एक बाई आहेत. बँकेत अधिकारी होत्या, कामाला चोख. त्यांना एकेक कपाट उघडून दाखवीत दप्तर सोपवत होतो. शेवटच्या खणात लाखेने बंद केलेले एक जाड पाकीट निघाले. लाख लावण्याची हौस माझी, पोस्टातली.

“यात काय आहे?” त्यांनी विचारले.

“वाचनाच्या खोलीचं एक जुनं प्रकरण. वर यादी लावली आहे: कागद किती, तारखा कोणत्या, ठराव कुठला. ती कोणीही पाहावी. आत पाहायची वेळ आली तर आधी दोन घरी विचारावं लागेल. खोली नंबर माझ्या वहीत आहेत. ही वही वेगळी ठेवा.”

“आणि किती वर्षं सांभाळायचं?”

“ते तुमच्या कमिटीनं ठरवावं. नष्ट करायचं ठरलं तर तसा ठराव करा, आणि तारीख फळ्यावर लिहा.”

बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले, वजन केल्यासारखे हातात तोलले, आणि पुन्हा खणात ठेवून कुलूप घातले. मग वहीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “बरं, आता ती पाण्याच्या टाकीची दुसरी किल्ली कुणाकडे असते ते सांगा.”